थ्रेड-लोकल स्टोरेजची जागा नेमकी कुठून कापली जाते?

नदीकाठ (धागाकर्ती)

मंडळी, एक तांत्रिक प्रश्न आहे. लिनक्सवर सी किंवा सी++ मध्ये सिस्टीमचं काम करणाऱ्यांनी जरूर लिहावं.

आमचा एक सर्व्हर प्रोग्रॅम आहे. एक्स८६-६४ लिनक्स, ग्लिबसी (लिनक्सवरची नेहमीची सी लायब्ररी) २.३५. प्रत्येक जोडणीला एक थ्रेड, आणि जोडण्या पुष्कळ, म्हणून प्रत्येक थ्रेडचा स्टॅक मुद्दाम ६४ केबी ठेवलेला. बरीच वर्षं हे बिनतक्रार चाललं. आता टेलिमेट्रीसाठी बाहेरची एक लायब्ररी जोडली. तिचं एकही फंक्शन अजून बोलावलेलं नाही, नुसती लिंक केली आहे. तरी आमच्याच लॉगिंगच्या फंक्शनमध्ये सेगफॉल्ट यायला लागला. दुसऱ्या एका बिल्डमध्ये आणखी एक लायब्ररी आहे. तिथे तर थ्रेड तयारच होत नाही, थ्रेड बनवणारं पीथ्रेड_क्रिएट सरळ ईइनव्हॅल (दिलेली किंमत अवैध) ही त्रुटी परत करतं. स्टॅक २५६ केबी केला की दोन्ही दुखणी जातात.

सहकारी म्हणतो, दोन्ही लायब्रऱ्यांत थ्रेड-लोकल व्हेरिएबलं (प्रत्येक थ्रेडला ज्यांची स्वतंत्र प्रत मिळते अशी) आहेत, हा त्यांचाच प्रताप. असेलही. पण थ्रेड-लोकलचा आणि स्टॅकचा संबंध काय? ही जागा कोण देतं, कर्नल की लायब्ररी? आणि ज्याला कुणी हातही लावला नाही अशा व्हेरिएबलने आमच्या थ्रेडची जागा का खावी?

---

शून्यसूचक

सहकाऱ्याचं बरोबर आहे. जरा लांबण लागेल, पण पहिल्यापासून सांगतो.

थ्रेड-लोकल म्हणून जाहीर केलेलं व्हेरिएबल कंपायलर साध्या डेटामध्ये टाकत नाही. सुरुवातीची किंमत दिली असेल तर ते टीडेटा विभागात जातं, शून्य असेल तर टीबीएसएसमध्ये. लिंकर या दोन्हींना मिळून एल्फ फाइलमध्ये, म्हणजे तयार प्रोग्रॅमच्या किंवा लायब्ररीच्या फाइलमध्ये, पीटी_टीएलएस नावाचा एक सेगमेंट करतो. हा सेगमेंट निव्वळ साचा असतो. प्रोग्रॅम चालू असताना त्या साच्याला थेट कुणी हात लावत नाही; प्रत्येक थ्रेडसाठी त्याची एकेक नक्कल काढली जाते.

आता नक्कल ठेवायची कुठे? प्रोग्रॅम सुरू होताना डायनॅमिक लिंकर तेव्हा लोड झालेल्या सगळ्या मॉड्यूलांचे हे सेगमेंट मोजतो, म्हणजे मूळ प्रोग्रॅम, लिबसी आणि लिंक केलेली प्रत्येक लायब्ररी. अलाइनमेंट सांभाळून प्रत्येकाला एक ठरावीक अंतर देतो. या सगळ्याची बेरीज म्हणजे स्टॅटिक टीएलएस (टीएलएस म्हणजे थ्रेड-लोकल स्टोरेज). ती एकदा ठरली की ठरली. कुठल्या लायब्ररीचं फंक्शन तुम्ही बोलावणार आणि कुठल्या लायब्ररीचं नाही, हे लिंकरला कळायला मार्ग नाही. त्यामुळे लिंक झाली म्हणजे बेरजेत आली.

नंतर तुम्ही पीथ्रेड_क्रिएट बोलावता. ग्लिबसी एममॅप करून (कर्नलकडून मेमरी मागून) स्टॅकसाठी सलग जागा घेते, आणि त्याच जागेच्या वरच्या टोकाला थ्रेडची स्वतःची नोंद ठेवते. तिला स्ट्रक्ट पीथ्रेड म्हणतात. एक्स८६-६४ वर ती सव्वादोन-अडीच हजार बाइटची असते. तिच्या लगेच खाली स्टॅटिक टीएलएस, आणि त्याच्याही खालून तुमचा स्टॅक खालच्या दिशेने वाढायला लागतो. म्हणजे तुम्ही मागितलेल्या ६४ केबीतूनच हे सगळं वजा होतं. भाड्याची खोली घेतली आणि मालकाचं कपाट आधीच भिंतीला लावून ठेवलेलं, तसा प्रकार. करारात क्षेत्रफळ पूर्ण खोलीचं.

जागा वजा करून किमान गरजेएवढाही स्टॅक उरत नसेल तर ईइनव्हॅल. थोडाफार उरत असेल तर थ्रेड तयार होतो आणि पुढे एखाद्या खोल फंक्शनमध्ये गार्ड पानावर (स्टॅकच्या टोकाला मुद्दाम ठेवलेलं, हात लावता न येणारं पान) आदळतो. तुमची दोन दुखणी म्हणजे एकाच रोगाच्या दोन पायऱ्या आहेत.

कर्नलचा यात वाटा फारच थोडा. क्लोन करताना सीएलओएनई_सेटटीएलएस हा झेंडा आणि एक पत्ता दिला जातो, कर्नल तो पत्ता नव्या थ्रेडच्या एफएस रजिस्टरच्या मुळात ठेवतो. त्या पत्त्याच्या आजूबाजूला काय मांडलंय याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

---

चहाबाज

वाचतोय. खुर्ची पुढे ओढली आहे.

---

कोअरडंप

शून्यसूचक यांनी सांगितलेलं डोळ्यांनी बघायचं असेल तर एसट्रेस (प्रोग्रॅम कर्नलकडे काय मागतो ते दाखवणारं साधन) लावा. स्टॅक न सांगता थ्रेड केला तर एममॅपची मागणी बहुतेक ठिकाणी ८३९२७०४ बाइटची दिसेल. ८ एमबी म्हणजे ८३८८६०८, अधिक ४०९६ चं एक गार्ड पान. टीएलएससाठी त्यात वेगळं काही मिळवलेलं नाही, हे या आकड्यावरूनच कळतं. पुढे एमप्रोटेक्ट येतं आणि मग क्लोन३. क्लोन३ मध्ये टीएलएस म्हणून जो पत्ता दिसतो तो एममॅपने दिलेल्या जागेच्या अगदी शेवटच्या पानात पडलेला असतो. एकदा ही बेरीज-वजाबाकी हाताने केली की आकृती काढायची गरज राहत नाही.

हे ८ एमबी कुठून येतात? प्रोसेस सुरू होताना असलेल्या स्टॅकच्या मर्यादेतून, म्हणजे यूलिमिटमधून. मर्यादा अनलिमिटेड असेल तर एक्स८६-६४ वर ग्लिबसी २ एमबी धरते. 'मर्यादा काढली आणि थ्रेडचे स्टॅक लहान झाले' हा चक्रावणारा प्रकार त्यातूनच होतो.

गार्ड पानाचंही पूर्वी असंच होतं, तेसुद्धा मागितलेल्या स्टॅकमधूनच कापलं जायचं. २.२७ पासून ते वेगळं धरतात. टीएलएसच्या बाबतीत मात्र तो न्याय झालेला नाही. ग्लिबसीच्या बगझिलात ११७८७ क्रमांकाची नोंद नेमकी याच तक्रारीची आहे.

---

रानजाई

जावावाल्यांना हे दुखणं चांगलं माहीत आहे. जेव्हीएम स्वतःच्या काही आतल्या थ्रेडना अगदी लहान स्टॅक द्यायची. चाइल्ड प्रोसेस संपण्याची वाट बघत बसणारा 'प्रोसेस रीपर' थ्रेड त्यातलाच, त्याला ३२ केबी. आता तुम्ही जेव्हीएम तुमच्या सी++ प्रोग्रॅममध्ये बसवली आणि त्या प्रोग्रॅममध्ये ३२ केबीचं थ्रेड-लोकल असलं, की स्टॅकला उरलं काय? जेडीकेच्या बग यादीत याची रीतसर नोंद आहे. पुढे हॉटस्पॉट या नेहमीच्या जेव्हीएममध्ये अ‍ॅडजस्टस्टॅकसाइझफॉरटीएलएस नावाचा एक झेंडा आला. तो लावला की जेव्हीएम टीएलएसची जागा मोजून स्टॅकमध्ये अधिक करते. मूळ वर्तनात तो बंद असतो, तेव्हा नुसता नव्या जेडीकेवर गेल्याने प्रश्न सुटत नाही.

रस्टची स्टँडर्ड लायब्ररीही अशीच काळजी घेते: थ्रेड बनवण्याआधी ग्लिबसीच्या आतल्या __पीथ्रेड_गेट_मिनस्टॅक या फंक्शनला किमान किती लागेल ते विचारते. फंक्शन अधिकृत नाही, म्हणून नाव शोधून सापडलं तर वापरायचं, नाहीतर ठरावीक आकडा धरायचा.

---

उगाचच

माझा भाबडा प्रश्न. एवढी उठाठेव करण्यापेक्षा पहिल्यांदा वापर होईल तेव्हा मॅलॉक करून (हीपवरून जागा घेऊन) द्यायचं की! न वापरणाऱ्याला भुर्दंड नाही.

---

शून्यसूचक

उगाचच, प्रश्न भाबडा नाही. तसंही होतं, पण सगळ्यांसाठी नाही, आणि कारण वेगाचं आहे.

मूळ प्रोग्रॅममधलं थ्रेड-लोकल वाचायला एक्स८६-६४ वर एकच इन्स्ट्रक्शन पुरते: एफएसपासून अमुक बाइट खाली जे आहे ते उचल. अंतर लिंक करतानाच ठरलेलं. याला लोकल-एक्झेक म्हणतात. लायब्ररीचं अंतर लोड होताना ठरतं, मग ते आधी एका तक्त्यातून वाचायचं आणि एफएसमध्ये मिळवायचं, ते इनिशियल-एक्झेक. या दोन्हींत 'जागा दिली आहे का' हा प्रश्न कुणी विचारतच नाही. जागा आधीपासून आहे या गृहीतकावरच सगळा वेग उभा आहे. एर्नो (शेवटच्या त्रुटीचा कोड) थ्रेड-लोकल असतो, मॅलॉकचा टीकॅश (मोकळ्या तुकड्यांचा साठा) थ्रेड-लोकल असतो. तिथे दर वेळी चौकशी करत बसणं परवडायचं नाही.

तुम्ही म्हणता तो उशिराचा मार्ग जनरल-डायनॅमिक नावाने आहे. प्रत्येक थ्रेडकडे डीटीव्ही नावाचा एक लहानसा तक्ता असतो, मॉड्यूलच्या क्रमांकावरून त्याच्या नकलेचा पत्ता सांगणारा. डीएलओपनने मागाहून आणलेल्या लायब्ररीचं खातं त्यात रिकामं असतं. थ्रेडने तिचं व्हेरिएबल पहिल्यांदा मागितलं की __टीएलएस_गेट_अ‍ॅडर हे फंक्शन बघतं, रिकामं आहे, मग मॅलॉक करून साचा उतरवतं आणि पत्ता नोंदवतं. ज्या थ्रेडने कधीच मागितलं नाही त्याला खरोखर काही भुर्दंड नाही.

किंमत अशी की साध्या व्हेरिएबलच्या वाचनाच्या पोटात मॅलॉक दडलेला असतो. सिग्नल हँडलरमधून तुम्ही असं व्हेरिएबल पहिल्यांदाच वाचलंत आणि नेमका तोच थ्रेड मॅलॉकच्या आत असताना सिग्नल आला असेल, तर अडकलात. आणि मेमरी संपली असेल तर? व्हेरिएबल वाचण्याला 'अपयश' परत करायची सोयच नाही. ग्लिबसी 'कॅनॉट अलोकेट मेमरी फॉर थ्रेड-लोकल डेटा: अबॉर्ट' एवढं छापते आणि अख्खी प्रोसेस १२७ कोडने बंद करते.

---

कोअरडंप

आणि इथेच ग्लिबसीच्या टीकाकारांना तोंड फुटतं. मसल लिबसी, म्हणजे ग्लिबसीला पर्यायी असलेली सी लायब्ररी, हे करतच नाही.

मसलमध्ये डीएलओपन करतानाच त्या क्षणी जिवंत असलेल्या सगळ्या थ्रेडसाठी जागा घेतली जाते. नाही मिळाली तर डीएलओपन फसतं, प्रोग्रॅम चालू राहतो. नवा थ्रेड करताना आजवर आलेल्या सगळ्या लायब्रऱ्यांची जागा एकदम घेतली जाते. नाही मिळाली तर पीथ्रेड_क्रिएट ईअगेन देतं. दोन्ही ठिकाणी हातात त्रुटीचा कोड येतो आणि काय करायचं ते तुम्ही ठरवता. शिवाय मसल टीएलएस तुमच्या स्टॅकमधून कापत नाही, मागितलेल्या आकारात मिळवते. नदीकाठ यांचा प्रोग्रॅम मसल वापरणाऱ्या अल्पाइन लिनक्सवर असता तर हा धागा निघालाच नसता.

माझं मत स्पष्ट आहे, मसलची रीत सरळ आहे. जे लागणार ते आधी घ्या, नसेल तर आधीच सांगा.

---

निशिगंध

कोअरडंपभाऊ, सरळ आहे हे मान्य, पण फुकट नाही. आमच्याकडे एकाच प्रोसेसमध्ये ढीगभर प्लगइन लोड होतात आणि थ्रेड हजारांत. प्रत्येक प्लगइन दोन-चार थ्रेडच वापरतात. मसलच्या रीतीने प्रत्येक डीएलओपनला हजारो नकलांची जागा आधीच घेऊन ठेवायची. आणि डीएलक्लोजने ती सुटते म्हणाल तर मसलमध्ये डीएलक्लोज लायब्ररी उतरवतच नाही.

अल्पाइनवर धागा निघाला नसता असं नाही, वेगळा निघाला असता. तिथे थ्रेडचा मूळ स्टॅक १२८ केबी. डॉकर इमेज अल्पाइनवर नेली आणि खोल रिकर्शन करणारा पार्सर कोसळला, हे धागे काय कमी आहेत?

---

कोअरडंप

१२८ केबी ही मूळ किंमत आहे, हवी ती मागून घ्या. 'जेवढं मागितलं तेवढं मिळालं' आणि 'जेवढं मागितलं त्यातून कापून मिळालं' यांत फरक आहे ना? प्लगइनचा मुद्दा मात्र योग्य आहे. तसा प्रोग्रॅम मी मसलवर नेणार नाही.

---

माळरान

एआरएमवाल्यांची व्यथाही मांडतो. रास्पबेरी पाय, जेटसन असल्या ६४ बिट एआरएम बोर्डांवर पायथनमध्ये ओपनसीव्ही, सायकिट-लर्न वगैरे इम्पोर्ट करताना 'कॅनॉट अलोकेट मेमरी इन स्टॅटिक टीएलएस ब्लॉक' ही ओळ बघितली नाही असा माणूस विरळा. लिबगॉम्पच्या (जीसीसीच्या समांतर कामाच्या लायब्ररीच्या) नावाने ती हमखास येते. मेमरी तर ढीगभर रिकामी असते. मग लोक इम्पोर्टचा क्रम बदलतात आणि चालतं! कुणी एलडी_प्रीलोड लावून ती लायब्ररी सुरुवातीलाच लोड करतं. चालतं हे ठीक, पण का चालतं हे कुणी सांगत नाही.

---

शून्यसूचक

सांगतो. वर इनिशियल-एक्झेकचं लिहिलं ते आठवा. काही लायब्रऱ्या वेगासाठी मुद्दाम त्या पद्धतीने कंपाइल केलेल्या असतात, लिबगॉम्प त्यातलीच. जेमॅलॉक ही मॅलॉकची पर्यायी लायब्ररीही तशीच बांधली जाते. तिथे ते बंद करायचा पर्याय कॉन्फिगरमध्ये दिलेला आहे. अशा लायब्ररीला स्टॅटिक टीएलएसमध्येच जागा पाहिजे. पण डीएलओपनपर्यंत स्टॅटिक टीएलएसची बेरीज होऊन गेलेली असते, थ्रेडही तयार झालेले असतात. जागा मागाहून वाढवणं अशक्य.

म्हणून ग्लिबसी सुरुवातीलाच थोडी जागा राखून ठेवते. जुन्या आवृत्त्यांत ती १६६४ बाइट होती. मेमरी संपली असं जे वाटतं ती ही एवढीशी राखीव जागा असते, रॅम नव्हे.

आता ६४ बिट एआरएमवरच का जास्त? तिथे जीसीसी मुळातच टीएलएस डिस्क्रिप्टर नावाची पद्धत वापरतं. त्या पद्धतीत मागून आलेल्या साध्या लायब्ररीलासुद्धा, राखीव जागेत मावत असेल तर, तिथेच बसवून टाकतात, कारण तिथे वाचन वेगाने होतं. तिला जागेची सक्ती नसते, नुसती सवलत असते. दोन-चार सवलतवाले आधी बसले की मागून आलेल्या सक्तीवाल्याला जागा नाही. इम्पोर्टचा क्रम बदलला की सक्तीवाला आधी बसतो आणि सवलतवाले हीपवर जातात. एलडी_प्रीलोडने तर ती लायब्ररी मूळ बेरजेतच येते, राखीव जागेचा प्रश्नच मिटतो.

ग्लिबसी २.३२ पासून सवलतवाल्यांसाठीचा हिस्सा वेगळा काढला आहे, मूळ किंमत ५१२ बाइट. ग्लिबसी_ट्यूनेबल्स या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून आरटीएलडी.ऑप्शनल_स्टॅटिक_टीएलएस वाढवता येतं. वाढवाल ते प्रत्येक थ्रेडच्या स्टॅकमधून जाणार, हे नदीकाठ यांनी विशेष लक्षात ठेवावं.

---

माळरान

आता कुठे डोक्यात प्रकाश पडला. क्रम बदलून चालतं ही अंधश्रद्धा वाटायची.

---

चहाबाज

एक शंका. समजा मी १ एमबीचा थ्रेड-लोकल अ‍ॅरे जाहीर केला, सगळा शून्य. ५०० थ्रेड केले. त्यातल्या एकानेच तो वापरला. लिनक्समध्ये पानाला हात लागेपर्यंत खरी मेमरी जात नाही, त्यामुळे ५०० एमबी नुसते कागदावरच राहतील ना?

---

निशिगंध

मसलवर कागदावर राहतील. ग्लिबसीवर खरोखर जातील!

कारण बारीक आहे. नवा थ्रेड करताना ग्लिबसी टीडेटाचा भाग साच्यातून उतरवते आणि उरलेल्या टीबीएसएसच्या भागावर मेमसेटने शून्य लिहिते. शून्य लिहिणं म्हणजेसुद्धा पानाला हात लावणं. आत्ताच एममॅप केलेली जागा शून्यच असते, मग परत शून्य कशाला? तर ग्लिबसी मेलेल्या थ्रेडचे स्टॅक फेकत नाही, ४० एमबीपर्यंत साठवून ठेवते आणि पुढच्या थ्रेडला तेच देते. ती जागा उष्टी असते, म्हणून पुसावीच लागते. मसल स्टॅक साठवत नाही, त्यामुळे नव्या जागेच्या शून्यावर विसंबून राहू शकते, नुसता टीडेटा उतरवला की काम झालं.

तेव्हा मोठा अ‍ॅरे थ्रेड-लोकल करू नये. पॉइंटर थ्रेड-लोकल ठेवावा, अ‍ॅरे लागेल तेव्हा हीपवरून घ्यावा.

जाता जाता: व्हर्च्युअल मेमरीत ६४-६४ एमबीचे तुकडे दिसले की पुष्कळ जण टीएलएसला दोष देतात. ते मॅलॉकच्या अरीनांचं (थ्रेडांसाठी वेगळ्या ठेवलेल्या हीपच्या भागांचं) काम, टीएलएसचा त्यात हात नाही. मॅलॉक_अरीना_मॅक्स लावून बघा.

---

बिटूचा_बाबा

व्हॅलग्राइंड या मेमरीची गळती शोधणाऱ्या साधनात '२७२ बाइट्स पॉसिबली लॉस्ट' असं पीथ्रेड_क्रिएटच्या नावाने येतं ते याच भानगडीतलं का? कधी २८८ येतं, कधी ३०४. ग्लिबसीच गळते असं समजून आम्ही सप्रेशन (इशारा दडपणारा नियम) टाकून मोकळे झालो आहोत.

---

कोअरडंप

याच भानगडीतलं, आणि तो आकडा मोठा गमतीचा आहे. ती डीटीव्हीची जागा. ग्लिबसी ती कॅलॉकने घेते: जेवढी टीएलएसवाली मॉड्यूलं, अधिक पुढे येणाऱ्यांसाठी १४ खाती, अधिक हिशेबाची २. प्रत्येक खातं १६ बाइटचं. एकटी लिबसीच टीएलएस वापरत असेल तर १ + १४ + २ म्हणजे १७ खाती, गुणिले १६, बरोबर २७२. २८८ आलं म्हणजे दोन मॉड्यूलं, ३०४ म्हणजे तीन. व्हॅलग्राइंडच्या त्या ओळीवरून तुमच्या प्रोसेसमध्ये टीएलएसवाल्या किती लायब्रऱ्या आहेत ते सांगता येतं.

'पॉसिबली' का, तर थ्रेडच्या नोंदीत तक्त्याच्या सुरुवातीचा पत्ता नसून एक खातं पुढचा असतो. ब्लॉकच्या मधोमध बोट दाखवणारा पॉइंटर दिसला की व्हॅलग्राइंड असं संशयाने बोलतं. आणि हे दिसतं याचा अर्थ बहुधा एखादा थ्रेड तुम्ही जॉइन न करताच प्रोग्रॅम संपवलात. सप्रेशन काढा आणि तो थ्रेड शोधा, असा माझा फुकटचा सल्ला.

---

रानजाई

सुरक्षेच्या बाजूनेही या मांडणीला एक किनार आहे. स्टॅक बिघडला का हे तपासायला कंपायलर जी कॅनरीची किंमत वापरतो, तिची मूळ प्रत एक्स८६-६४ वर एफएसपासून ४० बाइटवर असते, म्हणजे थ्रेडच्या नोंदीतच. आणि ही नोंद थ्रेडच्या स्टॅकच्या वर, त्याच सलग जागेत. लोकल बफरवरून वरच्या दिशेने पुरेसं लांब लिहिता आलं तर हल्लेखोर स्टॅकवरची कॅनरी आणि मूळ प्रत दोन्ही एकाच किमतीने पुसू शकतो, तपासणी बिनबोभाट पास. सीटीएफ (हॅकिंगच्या स्पर्धा) खेळणाऱ्यांना हा डाव पाठ असतो. मुख्य थ्रेडला हे लागू नाही, त्याचा टीएलएस स्टॅकला चिकटून नसतो.

म्हणून टीएलएस स्टॅकमधून बाहेर काढावा ही मागणी निव्वळ जागेच्या हिशेबाची नाही.

---

नदीकाठ

सगळ्यांचे आभार, रीडएल्फ (एल्फ फाइल उलगडून दाखवणारं साधन) घेऊन बसले होते. सापडलं.

टेलिमेट्रीच्या लायब्ररीत टीएलएस सेगमेंटचा मेमरीतला आकार ४० केबीच्या थोडा वर, फाइलमधला आकार १६ बाइट. म्हणजे जवळजवळ सगळा टीबीएसएस, बहुतेक कुणीतरी संदेश जुळवायला बफर थ्रेड-लोकल करून ठेवला आहे. निशिगंध म्हणतात तेच, पॉइंटर पुरला असता. ६४ मधून हे ४०, थ्रेडची नोंद आणि राखीव जागा गेली की हातात २० केबी. आमच्या लॉगिंगच्या फंक्शनमध्ये १६ केबीचा लोकल बफर आहे आणि त्याच्या आत फॉरमॅटिंगचं फंक्शन. उडणारच. दुसऱ्या बिल्डमधल्या लायब्ररीचा टीएलएस २० केबीचा. ४० आणि २० साठ, वर नोंद आणि राखीव जागा. तिथे स्टॅकला काहीच उरत नाही, म्हणून ईइनव्हॅल.

लायब्ररी बदलायला लावणं माझ्या हातात नाही. सरसकट २५६ केबी करायलाही मन घेत नाही, उद्या कुणी आणखी काही लिंक केलं की पुन्हा तेच. ते __पीथ्रेड_गेट_मिनस्टॅक वापरावं का?

---

शून्यसूचक

ते ग्लिबसीचं खासगी फंक्शन आहे. रस्ट वापरतं, जेव्हीएम वापरते, पण त्यांच्याकडे ते नाहीसं झालं तर सांभाळायला माणसं आहेत. तुम्ही डीएल_इटरेट_पीएचडीआर वापरा, ते उघड आणि जुनं आहे. मेनच्या सुरुवातीला, पहिला थ्रेड करण्याआधी, लोड झालेल्या प्रत्येक मॉड्यूलचे हेडर फिरून पीटी_टीएलएस सेगमेंटांच्या मेमरीतल्या आकारांची बेरीज करा. प्रत्येक आकार त्याच्या अलाइनमेंटपर्यंत वर ढकला. त्यात थ्रेडच्या नोंदीसाठी आणि राखीव जागेसाठी ८ केबी मिळवा, पानाच्या पटीत आणा आणि तुमच्या ६४ केबीत अधिक करून पीथ्रेड_अ‍ॅट्र_सेटस्टॅकसाइझला द्या. उद्या कुणी तिसरी लायब्ररी जोडली तर आकडा आपोआप वाढेल.

डीएलओपनने मागून येणाऱ्या लायब्रऱ्या या बेरजेत धरायची गरज नाही. त्या एकतर हीपवर जातील, नाहीतर राखीव जागेत, आणि राखीव जागा तुम्ही ८ केबीत धरलेलीच आहे. ट्यूनेबलने ती वाढवलीत तर मात्र हे ८ केबीही वाढवा.

---

बिटूचा_बाबा

बेरीज लॉगमध्येही छापा. सुरुवातीला एकदाच, मॉड्यूलच्या नावासकट. पुढच्या वेळी कुणी ४० केबीचं कपाट आणून ठेवलं तर त्याच दिवशी दिसेल.

---

निशिगंध

आणि मेनच्या आधी थ्रेड करणाऱ्या लायब्रऱ्या तपासा. सी++ मधल्या ग्लोबल ऑब्जेक्टच्या कन्स्ट्रक्टरमध्ये थ्रेड सुरू करणारे महाभाग असतात. त्यांचा स्टॅक ते स्वतः ठरवतात, तुमची बेरीज त्यांच्यापर्यंत पोचत नाही. जीडीबी या डीबगरमध्ये पीथ्रेड_क्रिएटवर ब्रेकपॉइंट लावून मेनच्या आधी कोण थांबतंय ते बघा.